भगवानमामांचा शेक

आजारपणाचे किस्से सांगू नयेत, असं आमच्या आईचं मत. पण पडघ्याच्या आमच्या गोडाऊनमध्ये दुपारी डबे उघडले की कुणीतरी म्हणतंच, "तो सोनोग्राफीवाला सांग ना." एक सांगितला की त्याला धरून दुसरा येतो, आणि भाजी तशीच गार होते.

भगवानमामा म्हणजे आमचे गेट सुपरवायझर. गेटवर माईक बसवायचा विषय दोनदा मीटिंगमध्ये आला आणि दोन्ही वेळा सगळे हसले. मामांनी गेटवरून "जयभीम" घातला की हायवेवरून जाणारा ड्रायव्हरसुद्धा हात वर करायचा.

अशा माणसाचा आवाज बसला. आम्हाला वाटलं, धुळीने असेल. मामी म्हणाल्या, "बसू दे थोडा. आमच्या कानांना पण सुट्टी पाहिजे."

पण आवाज काही उठेना. शेवटी भिवंडीतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कॅमेरा घालून बघितलं, तुकडा तपासायला पाठवला, आणि रिपोर्ट आल्यावर सांगितलं, "कॅन्सर आहे, पण लवकर सापडलाय. रेडिएशन घ्या, आवाजही वाचेल. फक्त वेळ घालवू नका."

मी बाहेर बाकावर बसले होते. मामा आले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मोठी बीमारी हाय पोरी. गेटवर सांगू नको." त्यांचं मुद्दाम हळू बोलणं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

* * *

मी डिस्पॅचला आहे. हरवलेला ट्रक शोधून काढते, तर डॉक्टर काय अवघड, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. अट एकच होती. मामांकडे सरकारी योजनेचं कार्ड होतं, आणि ते जिथे चालेल तिथेच जायचं होतं. खासगीतला खर्च एकदा विचारला, तेव्हा मामांनी कार्ड परत खिशात जपून ठेवलं.

मी कामाला लागले आणि पहिल्याच दिवशी चुकले. कल्याणला "रेडिओलॉजिस्ट" अशी पाटी दिसली म्हणून मामांना तिथे घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "पेशंटने पाणी प्यायलंय का? कितवा महिना?"

मामा माझ्याकडे बघायला लागले. मी मुलीकडे.

आतले डॉक्टर सज्जन होते. बाहेर येऊन म्हणाले, "ताई, मी फोटो काढणारा. तुम्हाला शेक देणारे पाहिजेत. रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट."

ते नाव मामांनी कल्याणपासून कोन गावापर्यंत पाठ केलं. कोन आलं तोवर त्याचं "ऑन्को-लालजी" झालं होतं.

* * *

शेक द्यायचा आहे, एवढी बातमी अंबाडीला मामींच्या बहिणीपर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या एसटीने हजर. पिशवीत रुईची पानं, एरंडेल आणि फडक्यात बांधलेली वीट.

"शेकच द्यायचा ना? मग दवाखाना कशाला? चूल हाय ना घरात."

मामींनी वीट शांतपणे ओट्याखाली ठेवली. म्हणाल्या, "तो शेक विजेवरचा असतो गं अक्का."

अक्का म्हणाल्या, "मग लायटीचं बिल किती येत असेल त्यांना."

* * *

त्यानंतर आठवडाभर माझे फोन चालू होते. "योजना चालते का?" विचारलं की सगळीकडून "चालते" म्हणायचे. गेल्यावर कळायचं. एका ठिकाणी योजना चालत होती, पण ऑपरेशनला, शेकाला नाही. दुसरीकडे शेकालाही चालत होती, पण डॉक्टर सोडून गेले होते. तिसरीकडे योजना होती, डॉक्टरही होते, मशीन बंद होतं. पार्ट यायचा होता.

बाहेर रिक्षाची वाट बघताना मामी म्हणाल्या, "आमच्या पोरीला, सुमनला, स्थळं बघत होतो तेव्हा असंच. मुलगा बरा तर नोकरी न्हाय, नोकरी हाय तर सासू खवीस."

मी हसले. मामा हसले नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, वेळ घालवू नका, आणि मी आठवडा घालवला होता.

* * *

पत्ता मिळाला तो अन्सारीभाईंकडून. त्यांचे यंत्रमाग होते, आता आमच्याकडे कापडाच्या गाठी ठेवतात. त्यांच्या बेगमचा शेक नुकताच झाला होता. मी फोनवर कुणाशी तरी हुज्जत घालत होते, ते ऐकून ते समोर येऊन उभे राहिले.

"सिकाई चाहिए ना? तो ये क्यों पूछती हो कि योजना चलती है क्या? पूछो, आज योजना में कितने लोग मशीन पे लेटे."

त्यांनी दिलेल्या नंबरवर मी तेच विचारलं. पलीकडची बाई म्हणाली, "मघाशीच एकजण उतरले. तुमचं कार्ड घेऊन उद्या सकाळी या."

जागा ठाण्याच्याही पुढे होती. फोर्कलिफ्टवाल्या नीलेशने त्याच्या भावाची व्हॅन काढली.

* * *

केबिनमध्ये एक बुटकी, तरुण बाई फाईल वाचत होती. मामांनी अदबीने विचारलं, "मॅडम, मोठे डॉक्टर कधी येतील?"

"मीच मोठी," त्या म्हणाल्या. "उंची एवढीच आहे."

मग त्यांनी मामांना जवळ बसवून सगळं समजावलं. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवणार, तो टेबलाला अडकवणार, आणि मशीन चालू असेपर्यंत हलायचं नाही, गिळायचंही नाही. जमेल का?

मामा म्हणाले, "हलणार न्हाय. पण आत कुणी ओळखीचं भेटलं तर जयभीम घालावा लागंल की."

"आत तुम्ही एकटेच असता, मामा."

मामांचा चेहरा पहिल्यांदा तिथे उतरला. डॉक्टरबाईंनी ते बघितलं. शेक सुरू झाला तेव्हापासून रोज त्या मशीन सुरू व्हायच्या आधी स्पीकरवरून स्वतः म्हणायच्या, "जयभीम मामा. मी इथेच आहे."

* * *

शेक महिना-दीड महिना चालला. मानेची कातडी काळी पडली, जेवण पेजेवर आलं, आणि शक्यतो बोलू नका असं सांगितलेलं. व्हॅनमध्ये मामा खिडकीतून नुसते बघत बसायचे.

मग काही आठवड्यांनी तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी कॅमेरा घातला, बराच वेळ बघितलं, आणि खुर्ची मागे सरकवली. "साफ आहे. आता बोला हळूहळू. ओरडायचं नाही."

आम्ही सगळे मामांकडे बघत होतो. त्यांनी घसा साफ केला. तेवढ्यात मामींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांबा जरा. आधी मी बोलून घेते. लग्न झाल्यापासून चान्स भेटला न्हाय."

आणि व्हॅनमध्ये बसल्याबरोबर मामी बोलायला लागल्या. शाळेत त्या कबड्डी खेळायच्या. वाड्याला मॅच होती, वडिलांनी पाठवलं नाही, म्हणून ओढ्याकाठी एकट्याच जाऊन बसल्या. लग्नानंतर पहिल्यांदा पडघ्याचा बाजार बघितला तेव्हा रस्ता चुकल्या, आणि विचारायला लाज वाटली. नीलेशने गाण्यांचा आवाज बंद केला. मामा एकदाही मध्ये बोलले नाहीत.

भिवंडी आली तसं मामींना एकदम आमचं भान आलं. त्यांनी पदर नीट केला आणि गप्प झाल्या.

व्हॅन सिग्नलला थांबली होती. मागच्या सीटवरून एक बारीक, घोगरा आवाज आला.

"मग? पुढं काय झालं?"