पडद्यामागच्या सासूबाई

आपण सिनेमाच्या धंद्यात आहोत, असं इस्त्रीवाल्याला मनापासून वाटायचं. तसं त्याचं दुकान होतं शर्टांचं आणि पँटींचं. पण महिन्यातून एका शनिवारी गल्लीतली मंडळी इमारतीच्या अंगणात खुर्च्या मांडून सिनेमा बघत, आणि तो सिनेमा पडायचा इस्त्रीवाल्याच्या चादरीवर. "सिनेमा कुणाचाही असो, पडदा आपला," असं तो गिऱ्हाइकांना सांगे. गिऱ्हाइकं मान डोलवत, कारण पँट अजून त्याच्या ताब्यात असे.

पडदा म्हणजे दोन डबल चादरी, बायकोने मधोमध शिवलेल्या. त्या शिवणीने नायिकांच्या नाकांचे बरेच हाल केले होते. शनिवारी सकाळी इस्त्रीवाला पाणी शिंपडून ती चादर अशी कडक करी की नवरदेवाच्या कपड्यांनीही हेवा करावा. एकदा घाईत एक सुरकुती राहिली, ती नेमकी एका म्हाताऱ्या नटाच्या कपाळावर आली. सिनेमा संपल्यावर लोक म्हणाले, "काय अभिनय! नुसत्या कपाळाने रडवलं हो." इस्त्रीवाल्याने ते कौतुक गुपचूप स्वतःच्या खात्यावर जमा केलं.

सिनेमे निवडायचे ड्रॉइंगमास्तर. त्यांना संथ सिनेमे आवडत. यंत्र चालवायचा सायकलवाला. त्याला सिनेमातलं काही कळत नसे, त्यामुळे त्याचं लक्ष यंत्रावर राही.

आणि पडद्याच्या मागे असायच्या सासूबाई.

इस्त्रीवाल्याचं दुकान खाली आणि घर दुसऱ्या मजल्यावर. सासरे गेल्यापासून सासूबाई लेकीकडेच होत्या. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे जिना त्यांना परका झाला होता. दिवसभर त्या खिडकीत बसत, आणि खाली दाराबाहेर टेबल मांडून काम करणाऱ्या जावयावर वरून नजर ठेवत.

"जावईबापू, त्या कॉलरने काय पाप केलंय?"

"काय झालं आई?"

"रगडताय नुसती. आमचे हे डावरे होते. डावऱ्या माणसाचा हात कसा मऊ!"

सासरे डावरे होते हे इस्त्रीवाल्याने इतक्यांदा ऐकलं होतं, की स्वतःचा उजवा हात लोकांत बाहेर काढायची त्याला चोरी वाटायची.

सिनेमाचा दिवस मात्र वेगळा. चादर अंगणात या खिडकीसमोरच टांगत आणि यंत्र पलीकडच्या बाजूला असे. कापड पातळ, त्यामुळे पुढच्यांना जे दिसे तेच सासूबाईंना मागून दिसे, फक्त उलटं. मास्तरांच्या परदेशी सिनेमांत खाली अक्षरं येत, तीही उलटी. सासूबाईंचं काही अडत नसे. संवाद त्या स्वतः घालत, आणि ते मूळच्यापेक्षा बरे असत असं त्यांच्या लेकीचं मत होतं. सिनेमा बघून त्यांची एक खात्री पटली होती. नायक जेवतो डाव्या हाताने, पत्र लिहितो डाव्या हाताने, नायिकेचे डोळे पुसतो तेही डाव्याच हाताने.

"बघितलंत ना? चांगला माणूस म्हटला की डावरा."

"पण आई, खलनायकही—"

"तो संगतीने बिघडला."

इस्त्रीवाला पुढे वाद घालत नसे. सिनेमानंतरचा आठवडाभर सासूबाई नायकाच्या आठवणीत असत आणि कॉलरींकडे त्यांचं लक्ष नसे. तो आठवडा म्हणजे त्याची हक्काची रजा होती.

अशा सुखी संसारात ड्रॉइंगमास्तरांनी बिब्बा घातला. शहरातलं एक छोटं थिएटर बंद होत होतं, त्याचा पडदा त्यांनी मिळवला. "अस्सल! जाड. मागून काळाभोर. प्रकाशाचा कण पार जायचा नाही."

इस्त्रीवाल्याने घाईघाईने विचारलं, "मग मागून दिसणार कसं?"

"मागून कोण कशाला बघेल?"

इस्त्रीवाल्याने वर पाहिलं. खिडकीत सासूबाईंचा अंबाडा दिसत होता. पण सासूच्या धाकापायी चादर हवी, हे चारचौघांत सांगायचं कसं? तो एवढंच म्हणाला, "चादरीत वाईट काय आहे?"

"शिवण आहे. मागच्या वेळी समुद्राचे दोन भाग झाले."

नवा पडदा टांगला गेला. त्या शनिवारी सिनेमा मास्तरांच्या खास आवडीचा होता, म्हणजे त्यात एक माणूस स्टेशनवर बसलेला होता. सुरू होऊन जरा वेळ झाला न झाला तोच काळ्या पडद्यामागून आवाज आला.

"जावईबापू, लाइट गेली का?"

"नाही आई. नवा पडदा आहे."

"मग दाखवा की! कोण बोललं आत्ता?"

"एक बाई."

"कुणाशी?"

"कुणाशी नाही. खिडकीशी."

"का?"

इस्त्रीवाल्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी दात ओठ खाल्ले. "ते दिग्दर्शकाला ठाऊक!"

"आई, ते दिग्दर्शकाला ठाऊक!"

"आणि तो माणूस?"

"बसलाय."

"अजून? त्याला म्हणावं ऊठ, गुडघे धरतील."

पहिल्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळं अंगण हसलं. पडद्यावरच्या माणसाची आई वारली तरी कुणाचं हसू आवरेना. मास्तरांनी कपाळाला हात लावला. "पुढच्या वेळी आजींना खाली आणा. पहिल्या रांगेत बसवा. वरून समालोचन नको."

त्याप्रमाणे पुढच्या खेपेला सासूबाईंना खुर्चीत बसवून खाली आणलं. पुढे इस्त्रीवाला, मागे सायकलवाला.

"सावकाश! मी तुमचं कपड्यांचं गाठोडं नाही."

"गाठोडं बरं आई," इस्त्रीवाला धापा टाकत म्हणाला, "ते बोलत नाही."

त्या दिवशी लोकांच्या आग्रहावरून पूर्वी दाखवलेला एक विनोदी सिनेमा पुन्हा लावला होता. सासूबाईंचा तो लाडका. नवं लुगडं नेसून, पदर सावरून त्या मधोमध बसल्या. नायक आला. टेबलाशी बसला. उजव्या हाताने चमचा उचलला.

सासूबाई पुढे झुकल्या. "हा कोण?"

"नायक."

"छे! त्याचा भाऊ असेल. आपला डावरा होता."

इस्त्रीवाल्याने त्यांच्या कानाशी लागून सांगितलं, की माणूस तोच. मागून बघितलं की कापडावर सगळं उलटं दिसतं, उजव्याचं डावं होतं.

अंगणभर लोक हसत होते, नायक खुर्चीवरून पडत होता, आणि सासूबाई मांडीवरच्या स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे इतक्या सगळ्यांत… एकही नव्हता?"

इस्त्रीवाला घाईघाईने पडद्यावर एखादा डावरा शोधू लागला.

"मला वर न्या," त्या म्हणाल्या.

सायकलवाल्याने सिनेमा थांबवला आणि खुर्ची पुन्हा उचलली. दुसऱ्या जिन्यावर सासूबाईंना कंठ फुटला.

"उलटं तुम्ही लोक बघताय. माझ्या खिडकीतून दिसतो तोच खरा. तुमचा तुम्हाला लखलाभ!"

इस्त्रीवाल्याला इतका आनंद झाला, की त्याच्या हातातली खुर्ची सुटता सुटता राहिली. खाली येऊन तो तडक दुकानात गेला, चादर काढली आणि इस्त्री तापवली.

"हे काय चाललंय?" मास्तर दारात आले.

"पडदा बदलतोय."

"अहो, पण ती शिवण!"

"मास्तर," सायकलवाला कंबर धरून भिंतीला टेकला होता, "समुद्राचे दोन काय, चार भाग होऊ देत. आजींना मी पुन्हा उचलणार नाही. यंत्रही चालवणार नाही."

यंत्राशिवाय मास्तरांची कला अडत होती. चादर चढली. काळ्या पडद्याची घडी झाली. सायकलवाल्याच्या दुकानावर तो आता छप्पर म्हणून आहे आणि पाण्याचा एक थेंब आत येऊ देत नाही. सिनेमा पहिल्यापासून लागला. नायकाने चमचा उचलला तेव्हा इस्त्रीवाला पडद्याकडे बघतच नव्हता, त्याचे कान खिडकीकडे होते. मग नायक खुर्चीवरून पडला आणि कापडामागून एक हसू आलं, सगळ्यांच्या आधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीवाल्याच्या मनात काय आलं कोण जाणे. दुकानात कुणी नाही असं बघून त्याने इस्त्री डाव्या हातात घेतली आणि एका कॉलरवर ठेवली. हात काही वळेना. जळका वास आला तो थेट वर गेला.

"जावईबापू!"

"अं?"

"उजव्या हातात घ्या ती. नाही त्या फंदात पडू नका." खिडकीतला अंबाडा आत वळता वळता थांबला. "एखादा उजवा असला तरी चालतो."

इस्त्रीवाल्याने हात बदलला. त्याला जग जिंकल्यासारखं वाटत होतं, त्यामुळे ती कॉलर ड्रॉइंगमास्तरांची आहे हे त्याच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.