काजवालीची फिल्म

आमच्या धाकटीला, म्हणजे माझ्या दिराच्या बायकोला, मी पहिल्या दिवसापासून सांगत आलेय की बाई, जरा दम धर. पण ती कसली दम धरतेय! लग्न होऊन या देशात आली तेव्हा इथली भाषा येत नव्हती, अंगावर धड कोट नव्हता, आणि हिनं थोड्याच दिवसांत सिनेमागृहात झाडलोटीचं काम मिळवलं. खेळ संपायच्या जरा आधीच आत शिरायची, भिंतीला टेकून शेवट बघायची, आणि घरी येऊन त्याच्या आधीची सगळी गोष्ट स्वतःच रचून आम्हाला सांगायची. आमचे हे आणि भावोजी जेवायचं विसरून ऐकत बसायचे. मी म्हणायचे, "खरी गोष्ट वेगळीच असणार." तर म्हणे, "असेल की जाऊबाई, पण माझी काय वाईट आहे?"

मग संध्याकाळच्या वर्गाला जाऊन कॅमेरा शिकली. आपल्यासारख्याच बाहेरून आलेल्या बायकांच्या स्वयंपाकघरांत जाऊन बसायची आणि त्यांचं त्यांच्याच तोंडून बोलणं टिपायची. कुणाचा पासपोर्ट सासूच्या कपाटात, कुणाचा पगार मालकिणीनं दाबलेला. बायकांच्या हक्कांच्या सभांना त्या फिल्म दाखवायची, वकीलबाईंना गाठून एकेकीचं प्रकरण मार्गी लावायची. एकदा एकीनं तिला तोंडावर विचारलं, "ताई, माझं रडणं सगळ्यांनी बघितलं. आता पोटाचं काय?" धाकटी ओशाळली. त्या ओशाळण्यातून आमचा कारखाना उभा राहिला.

एका बंद पडलेल्या छापखान्याच्या जागेत आम्ही लहान मुलांचे कोट शिवतो. प्रत्येक कोटाच्या आत एक कापडी चिठ्ठी असते. तिच्यावर मोबाइल धरला की तो कोट शिवणाऱ्या बाईची तीन मिनिटांची फिल्म दिसते. लोक कोट घेतात, फिल्म बघतात, शेजारणीला सांगतात. मालकीण ती, पण कापड बेतायचं काम माझं, आणि हातात कात्री असलेल्या जावेशी कोण वाद घालणार? नियम मात्र तिचा आणि चांगला होता. जिची फिल्म तिनं आधी बघायची, आणि तिनं "चालेल" म्हटल्याशिवाय ती बाहेर जायची नाही.

आता काजवाली. काजं करायच्या मशीनवर बसते म्हणून काजवाली. तोंडाला कुलूप नाही. हिचा नवरा बेकरीत कामाला. पहाटेच निघतो, दुपारी घरी येऊन पोरगी सांभाळतो, आणि संध्याकाळी पोरीला शेजारणीकडे ठेवून सायकल घेऊन आमच्या फाटकाशी उभा. आम्ही चिडवायचो, "आले गं तुझे सारथी!" तो बिचारा लाजून मडगार्डाकडे बघायचा.

कॅमेऱ्यापुढे काजवाली भरभरून बोलली. लग्नाआधी ती चोरून शिवण शिकायला जायची. थोरल्या भावाला पत्ता लागला तेव्हा त्यानं तिच्या बोटांवर दार आपटलं. एक नख अजून वाकडं उगवतं तिचं. पुढे लग्न झालं, आणि नवऱ्यानं स्वतःचं घड्याळ विकून तिला पहिलं मशीन आणून दिलं. हे सगळं तीन मिनिटांत बसवायचं होतं. धाकटी म्हणाली, "भाऊ आणला की तिकडचं सगळं घर समजावून सांगावं लागतं. वेळ जातो." म्हणून तिनं भाऊ काढला. घड्याळही गेलं. उरलं काय, तर शिवण शिकायची हौस, बोटांवर आपटलेलं दार, वाकडं नख. आणि लगेच फाटकाशी उभा असलेला बेकरीवाला. ते दृश्य तिला फार आवडलं होतं. उतरतं ऊन, सायकल, वाट बघणारा माणूस. तिला दाखवायचं होतं की हा बघा हिच्या पाठीशी उभा राहिलेला नवरा. तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण तिच्या मनातलं बघणाऱ्याला कसं कळणार?

नियम पाळला होता बरं का. धाकटीनं काजवालीला फिल्म दाखवली. कुठे, तर चालू मशीनवर, हातातल्या मोबाइलवर. आमच्याकडे सगळी मशीनं सुरू झाली की शेजारणीची शिंकसुद्धा ऐकू येत नाही. काजवालीनं स्वतःचा चेहरा बघितला, नख बघितलं, नवरा बघितला आणि खूश होऊन ओरडली, "चालेल! पण माझे केस बघा की हो, झिपरी दिसतेय मी!" ऐकलं तिनं काहीच नव्हतं.

फिल्म पहिल्यांदा लावली ती वाचनालयाच्या सभागृहात. मोठ्या दुकानाच्या बाई आल्या होत्या, वर्षभराच्या कोटांचं काम देणार होत्या. बेकरीवाला इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत, मांडीवर पोरगी. सगळ्यांसाठी त्यानं स्वतःच्या हातचे पाव आणले होते, दाराजवळच्या टेबलावर फडक्याखाली झाकून.

दार आपटल्याचं ऐकून सभागृहात कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. आणि पडद्यावर तो आला. सगळ्या माना एकदम पहिल्या रांगेकडे वळल्या. माझीसुद्धा वळली हो! रोज त्या माणसाला बघणारी मी, पण वळली. तो आधी हसत होता. मग त्याला मागून कसलीशी चाहूल लागली, त्यानं वळून बघितलं आणि त्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं.

दिवे लागले. टाळ्यांचा नुसता कडकडाट. दोघी-तिघी काजवालीभोवती कडं करून उभ्या राहिल्या, तिच्या आणि नवऱ्याच्या मधे. एकीनं तिच्या मुठीत फोन नंबर कोंबला. काजवाली ओरडत होती, "अहो, तो माझा भाऊ होता! भाऊ!" त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "हो हो, घाबरू नकोस. आता तू एकटी नाहीस." त्या चांगल्याच बायका होत्या, हेच तर दुखणं. फडक्याखालचा एक पाव कुणी उचलला नाही.

मी धाकटीला कोपरानं ढोसलं. "ऊठ. माईक घे. सांग." ती पांढरीफटक पडली होती. म्हणाली, "जाऊबाई, दुकानाच्या बाई समोर आहेत. आत्ता फिल्म चुकली म्हणाले तर सगळंच जाईल. उद्या करते ना नीट." मी म्हटलं, "चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस आणि उद्या सोडवणार होय?" पण ती उठली नाही. काम मिळालं. घरी येताना माझी तर मान वर होईना.

दुसऱ्या दिवशी ती बेकरीत गेली. मी बरोबर गेले, नाहीतर ही वाटेतूनच परतली असती. तो कणकेत कोपरापर्यंत होता. धाकटी रडायला लागली तर त्यानंच तिला स्टूल दिलं. म्हणाला, "ताई, तुमचं काम चांगलं आहे. बायकांना मारतात, हे खरंच आहे. म्हणून तर मला कुणी काही विचारलं नाही." रागावला असता तर बरं झालं असतं.

धाकटीनं फिल्म नव्यानं जोडली, भाऊ आणि घड्याळ दोन्ही घालून. चिठ्ठीमागची फिल्म बदलली. सभागृहातल्या सगळ्यांना कळवलं की चूक माझी. बऱ्याच जणींनी तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, आणि शेवटी हळूच विचारलं, "तिच्या नवऱ्यानं दबाव आणला का?" बेकरीवाला आता फाटकाशी येत नाही, पलीकडच्या वळणावर थांबतो. बायकोसाठी उभं राहायचीसुद्धा त्याला चोरी झाली!

आणि परवा काजवाली मशीन बंद करून उठली आणि मोबाइल घेऊन आमच्या टेबलाशी आली. तिच्या माहेराहून फोन होता. जुनीच फिल्म फोनाफोनी फिरत तिकडे पोचली होती. तिनं आवाज मोठा केला. थोरला भाऊ रडवेला होऊन बोलत होता, "माझ्या बहिणीच्या अंगाला हात लावायची त्याची हिंमत कशी झाली? पोरीला घेऊन निघून ये. मी काय मेलोय का?"

काजवालीनं फोन धाकटीपुढे धरला. "सांगा त्याला, ताई. तुमच्या तोंडानं सांगा."

"फिल्म मी केली आहे," धाकटी म्हणाली.

"ताई, तुमचे उपकार आहेत हो," तो म्हणाला. "तुम्ही होतात म्हणून आम्हाला कळलं."

धाकटीनं फोन हातात घेतला. या वेळी मात्र ती थांबली नाही. "दार तुम्ही आपटलं होतं," ती म्हणाली. "तिच्या बोटांवर. ती शिवण शिकायला गेली म्हणून."

तो खरोखर आश्चर्य वाटून म्हणाला, "मी? छे हो! फिल्ममध्ये तर तसं काहीच नाही."