मी कोणात खेळू?

पूल ओलांडला तरी शिट्टीमावशी गप्पच. एरवी ही बाई गप्प बसली की आम्ही तिच्या कपाळाला हात लावून बघतो.

शाळा सुटल्यावर आईबाप कामावरून येईपर्यंत पोरं सांभाळायची आमची दोन खोल्यांची जागा. मी सकाळी पोरांचं खाणं करून ठेवते आणि दुपारी घरी जाते. खेळवायचं काम मावशींचं. आधी त्या कापडाच्या दुकानात होत्या. गिऱ्हाइकांची पोरं रमवता रमवता इकडे आल्या. गळ्यात कायम शिट्टी, पण वाजवत नाहीत. "शिट्टीने पोरं थांबतात हो, ऐकत नाहीत," म्हणतात.

त्या दिवशी मात्र मी संध्याकाळपर्यंत थांबले होते, आणि पोरं गेल्यावर आम्ही दोघी एका मुलीला परत बोलवायला चालत निघालो होतो. दहा वर्षांची, माझ्या समोरच्याच दारातली. आठवडाभर आली नव्हती. शाळेतून थेट घरी, आतून कडी, आणि आई येईपर्यंत एकटी. आईला यायला रात्र होते.

"चूक माझीच," मावशी अखेर बोलल्या. "सहा-सात वर्षांच्यांना हरणं सोसत नाही. बाद झालं की भोकाड. त्यांना जवळ घेणारं कुणी लागतं, आणि हिचा हात मायेचा. केलं मी तिला सगळ्यांची ताई. म्हटलं, या वयात जबाबदारी दिली की पोर फुलतं."

"फुललीच की! केवढी मिरवायची."

"ती मिरवत होती, तोवर तिच्या वयाच्या पोरींची टोळी जमली. त्यांची गुपितं, त्यांचे नियम. आणि ही बारक्यांची नाकं पुसतेय! दहाव्या वर्षी मैत्रिणी म्हणजेच सगळं जग, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण माझं काम हलकं होत होतं ना."

"मग सांगायचं त्या पोरींना, हिला घ्या म्हणून."

"सांगितलं. घेतलं त्यांनी. 'या आजीबाई, काठी कुठे विसरलात?' म्हणून घेतलं. खेळायला लावता येतं हो, मैत्री कशी लावणार?"

जिना चढताना मनात देवाचं नाव घेतलं, पण त्याच्याकडे नेमकं काय मागायचं तेच सुचेना.

दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून एक डोळा आणि अर्धी वेणी दिसली.

"मावशी? बारके रडतात का माझ्यासाठी?"

"रडू देत. मी तुझ्यासाठी आलेय. चल ना उद्यापासून. ताईबिई काही नाही, नुसती खेळायला ये."

मुलीने जरा विचार केला. मग अगदी शहाण्यासारखं विचारलं, "मी कोणात खेळू?"

मावशींनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पोरीने थोडी वाट पाहिली आणि दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मावशी जिन्यातच बसल्या. पदराने डोळे पुसले.

"तुम्ही दुपारी घरी असता," त्या म्हणाल्या. "तिच्याकडे जाऊन बसाल थोडा वेळ? गप्पा मारा, पत्ते खेळा, हवं तर भांडा तिच्याशी. पण एवढं करा ताई, तिला कसलंही काम सांगू नका. सुईत दोरा ओवून दे, एवढंसुद्धा नाही."