बाबा तामारेच्या नावाशी थांबले

आमच्या परभणीच्या चर्चमध्ये नाताळाआधीच्या रविवारी मत्तयाच्या शुभवर्तमानातली वंशावळी वाचायचा मान बाबांचा. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा. बाबा भरधाव वाचायचे, आम्ही जांभया द्यायचो. गेल्या वर्षी मात्र बाहेरून आलेल्या पाहुण्या पाळकांनी त्यांना तामारेच्या नावाशी थांबवलं.

एवढ्या बाप्यांमध्ये ही बाई कशाला, असं त्यांनी आम्हालाच विचारलं. मग जुने यहुदी गुरू तिची गोष्ट कशी उलगडायचे ते सांगितलं. विधवा तामारेला सासऱ्यापासूनच, यहूदापासून, दिवस गेले. तोंडावर बुरखा घेतलेल्या तिला त्यानं ओळखलंच नव्हतं, आणि तिला जाळायचा हुकूम त्यानंच दिला. तिनं नाव घेतलं नाही. त्यानं तेव्हा तिच्याकडं गहाण ठेवलेली काठी नि मुद्रा तेवढी त्याला पाठवली. चारचौघांत दुसऱ्याची मान खाली घालण्यापेक्षा आगीत गेलेलं बरं, असं ते गुरू तिच्यावरून शिकवायचे. यहूदानं मग आपणहून कबूल केलं, एवढं सांगून पाळकांनी बाबांना पुढं वाचायची खूण केली.

बाबा वाचेनात. त्यांना मधुमेह, मला वाटलं, साखर कमी झाली. मी उठणार तोच ते बायकांच्या बाजूला, आत्याकडं बघत म्हणाले, "कपाटाची किल्ली म्या नेली होती."

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. झरी गावाकडं एका शाळेत शिकवायची. दहावीच्या परीक्षेत तिच्या ताब्यातल्या कपाटात गणिताच्या पेपरचं सील फुटलेलं निघालं आणि तिची नोकरी गेली. "किल्ली माझ्याकडंच होती," एवढंच ती चौकशीत बोलली. लोकांनी लय तोंडसुख घेतलं. तेव्हापासून ती आमच्या घरी राहते, आमचा स्वयंपाक करते. आणि मी, मूर्ख, हिच्यामुळं घराण्याला बट्टा लागला म्हणून तिच्यावरच फणकारायची!

त्या वर्षी दहावीला मी होते. आदल्या संध्याकाळी बाबांनी मला हमखास येणारी गणितं म्हणून काही सोडवायला लावली होती. सगळी आली. त्याच मार्कांवर माझं पुढचं सगळं शिक्षण झालं.

आत्यानं पदर सावरला आणि शांतपणे म्हणाली, "दादा, वाच पुढं. लोक खोळंबलेत."

बाबा वाचू लागले. मला एकही नाव ऐकू येईना. निकालाच्या दिवशी मी गल्लीभर पेढे वाटले होते, ते आठवत होतं. पहिला आत्याच्याच हातावर ठेवला होता. तिनं तो सगळा खाल्ला होता आणि माझ्या गालावरून हात फिरवला होता.