पलसाण्याला दिलेली तारीख

ताईंची आणि माझी पहिली भेट झाली ती मी मुलाखतीला गेलो म्हणून नव्हे. मुलाखत माझ्या मित्राची, निलेशची होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि त्या ऑफिसात एसी आहे असं तो म्हणाला, म्हणून मी सोबत गेलो. सुरतेच्या बमरोली भागातल्या एका दवाखान्याच्या वर ते ऑफिस. सुनंदाताई बोरसे रंगाईच्या मिलांसाठी सॉफ्टवेअर बनवतात, एवढंच मला ठाऊक होतं.

ताईंनी निलेशला कॉम्प्युटरबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, "आपल्या खानदेशी मंडळाच्या खुर्च्या मागच्या गोदामात आहेत. त्या इथे वर आणायला तुला किती वेळ लागेल?"

"दहा मिनिटं, मॅडम," निलेश म्हणाला.

मी मागून विचारलं, "खुर्च्या घडीच्या आहेत का? आणि जिना हा एकच?"

मंडपवाल्याकडे काही दिवस खुर्च्या वाहिल्या होत्या, म्हणून तोंडातून निघालं. अक्कल होती म्हणून नव्हे. पण ताईंनी आम्हा दोघांनाही ठेवून घेतलं. माझं कॉलेज दुसऱ्या वर्षात सुटलेलं, प्रोग्रामिंग मोबाइलवर बघून शिकलेलं. तेही त्यांनी विचारलं नाही.

ताई अमळनेरकडच्या. लग्न होऊन सुरतेत आल्या आणि पलसाण्याच्या एका मिलच्या ऑफिसात लागल्या. व्यापाऱ्याचा फोन आला की त्याचं कापड कधी तयार होईल ते सांगायचं, हे त्यांचं काम. बॉयलर बंद, पाणी नाही, रंग जमला नाही, ही सगळी कारणं त्यांनी तिथे ऐकली. "होऊन जाईल" हे शब्द तेव्हापासून त्यांच्या तोंडी नाहीत. पलसाण्याच्या बाजूला एक नाला आहे, त्यातलं पाणी रोज वेगळ्या रंगाचं असतं. उद्या कोणता रंग येईल यावर मी आणि एका चहावाल्याने पैज लावली होती. असो. विषय ताईंचा आहे.

ताईंच्या या गौरवग्रंथाच्या वाचकांपैकी पुष्कळांना आमचं काम कसं चालतं हे माहीत नसेल, म्हणून सांगतो. आम्ही सगळं काम एकदम करत नाही. पंधरा-पंधरा दिवसांचे तुकडे पाडतो आणि दर तुकड्याला काहीतरी चालू करून दाखवतो. सोमवारी सगळे टेबलाभोवती बसतो. ताई एकेक काम वाचून दाखवतात. प्रत्येकाने मूठ बंद ठेवायची आणि ताई "उघडा" म्हणाल्या की सगळ्यांनी एकदम बोटं दाखवायची. सोप्या कामाला एक, अवघडाला चार. पाच दाखवली तर ते काम फोडायचं. ज्याची बोटं सगळ्यांत कमी आणि ज्याची सगळ्यांत जास्त, त्या दोघांनी कारण सांगायचं आणि इतरांनी ऐकायचं. पंधरवड्यात किती बोटांचं काम पुरं झालं, ते भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचं. उरलेल्या कामाची बोटं किती, आपला वेग किती, यावरून गिऱ्हाइकाला तारीख. बाहेर लोक यासाठी आकडे छापलेले पत्ते वापरतात. ताई म्हणतात, पत्ते हरवतात.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना मान वर होत नाही.

आमच्यापैकी बहुतेकांचे वडील लूमवर. घरात माणसाची किंमत मीटरवर ठरायची. आज किती मीटर निघालं, हा संध्याकाळचा पहिला प्रश्न. फळ्यावरची बोटं आम्ही तशीच वाचली. दोन बोटांच्या कामाला हळूहळू तीन दाखवू लागलो, मग चार. आपसात काही ठरलं नव्हतं, पण एकमेकांकडे बघून हात शिकले. फळ्यावरचा आकडा चढत गेला. मुलांचा हात बसला, असं ताईंना वाटलं आणि त्यांनी आम्हाला लोचो खाऊ घातला. आम्ही खाल्ला. मी दुसऱ्यांदा मागूनही घेतला.

तेव्हा जयंतीभाईंच्या, म्हणजे ताईंच्या त्या जुन्या मिलचं काम चाललं होतं. कोणत्या पार्टीचं, म्हणजे व्यापाऱ्याचं, कापड रंगाईच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे त्यांना बसल्या जागी दिसायला हवं होतं. त्या कामाचा अंदाज आम्ही सुरुवातीला, जुन्या बोटांनी केलेला. वेग मात्र नव्या, फुगलेल्या बोटांचा. भागाकार केल्यावर तारीख फारच जवळ आली. ताईंनी पलसाण्याला शब्द दिला, दिवाळीआधी. जयंतीभाईंनी त्या शब्दावर आपल्या व्यापाऱ्यांना सांगून टाकलं.

पुढे ताईंना शंका आली असावी. एका सोमवारी त्यांनी एक काम वाचलं आणि "उघडा" म्हणाल्या. सगळ्यांची चार बोटं. ताई त्या हातांकडे बघून म्हणाल्या,

"हे काम आपण केलेलं आहे रे. नाव बदलून वाचलं मी. तेव्हा दोन बोटं होती. काम वाढलं की बोटं?"

कुणी हात खाली घेईना, कुणाला वर ठेववेना. शेवटी निलेश म्हणाला, "ताई, मीटर जास्त दिसलं की शेठ खूश होतो. आमच्याकडे असंच असतं."

"शेठ कापड नेतो, निलेश. तुझी बोटं नेऊन तो काय करणार?"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी उरलेलं काम पुन्हा मोजायला घेतलं, त्या जुन्या दोन बोटांच्या कामाशी एकेक ताडून. मोजून झालं तेव्हा दिवाळी हातातून गेली होती.

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन पलसाण्याला गेल्या. वाटभर मी मनात वाक्य जुळवत होतो, की चूक आमची आहे. जयंतीभाईंसमोर ताई बसल्या आणि म्हणाल्या, "भाई, माझा अंदाज चुकला. दिवाळीआधी सगळं होणार नाही." "मुलांचा" म्हणाल्या नाहीत, "आमचा"सुद्धा म्हणाल्या नाहीत. माझं जुळवलेलं वाक्य मी तसंच परत आणलं.

"बेन, तुम्ही तारीख दिली की मी कॅलेंडर बघत नाही. मिलमध्ये होतात तेव्हापासून," जयंतीभाई म्हणाले. "आता पार्टीला काय सांगू?"

"दोन भाग दिवाळीआधी देते. कोणते हवेत ते तुम्ही सांगा. बाकी उत्तरायणानंतर, संक्रांत झाली की."

त्यांनी दोन भाग निवडले, चहाही दिला. आम्ही उठलो तेव्हा म्हणाले, "सारुं, बेन. हवे हुं पण कॅलेंडर जोईश."

म्हणजे, ठीक आहे, आता मीही कॅलेंडर बघेन. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. ताईंनी मान डोलावली. परतताना त्यांनी मला विचारलं ते एवढंच, की जेवलास का. दोन्ही भाग दिवाळीआधी गेले, बाकीचे उत्तरायणानंतर. पण ते वाक्य परत घेतलं गेलं नाही.

माझ्या पायाला भिंगरी आहे. मध्येच मी कच्छकडे निघून गेलो, एकदा हजीऱ्याच्या बाजूला कॅन्टीनमध्ये राहिलो. परत आलो की ताई खानदेशी बोलीत विचारतात, "कितला दिन राहशी? खरं सांग." माहीत नाही म्हटलं की एका पंधरवड्याचं काम देतात. निलेशने एकदा चिडून विचारलं, "ताई, ह्याला मोजायचं की नाही?" ताई म्हणाल्या, "समोर बसलाय तेवढं मोज. आशेवर तारीख देऊ नये, आणि आलेल्याला परत पाठवू नये."

गेल्या महिन्यात त्यांनी टेबलाशी जाहीर केलं की जयंतीभाईंच्या नव्या कामाची तारीख यापुढे मी सांगायची. मला बसल्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणालो, "ताई, निलेशला सांगा. मी तर उद्या असेन की नाही."

"निलेश आकडा पटकन सांगतो. तू आधी विचारतोस, खुर्च्या घडीच्या आहेत का."

मी म्हणालो, ते चुकून विचारलं होतं. ताई म्हणाल्या, "मग परत चूक कर."

म्हणून पलसाण्याला जाऊन मी दोन दिवस नुसते प्रश्न विचारले. मग सोमवारी मूठ उघडली, कुणाच्याही हाताकडे न बघता. माझीच बोटं सगळ्यांत जास्त होती. कारण सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकलं. तारीख होळीच्या पुढे गेली. जयंतीभाईंना ती आधी हवी होती.

मी फोन केला. ते म्हणाले, "बेनला विचारून सांगतोस?"

"नाही भाई. मी सांगतोय."

"पळून गेलास तर?"

"होळीपर्यंत आहे. ताईंनाही तेच सांगितलंय."

ते म्हणाले, "लिहून ठेवतो कॅलेंडरवर."

"लिहा," मी म्हणालो.

ताई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि पुढचं काम वाचायला घेतलं.

ताईंचे गुडघे दुखतात आणि जिना तो एकच आहे. त्यांना निरोगी, चालते पाय मिळोत. होळीनंतरच्या त्या दिवशी पलसाण्याला जाताना त्या सोबत असाव्यात आणि जयंतीभाईंनी त्यांच्यासमोर कॅलेंडर भिंतीवरून उतरवावं. त्यापुढे ताईंना किती वर्षं लाभावीत, हे एकच काम असं आहे की त्याला आमच्यापैकी कुणी मूठ उघडू नये.