नेलपॉलिशचं सील

कुंदाताई नसत्या, तर त्या कागदावर माझी सही झाली असती. म्हणून आधी त्यांचं नाव.

मलकापूरच्या आमच्या नेलपॉलिश युनिटमध्ये त्या केमिस्ट, मी मिक्सिंगला. माझं माहेर सावंतवाडीकडे, शाळा आठवीत सुटलेली, नवऱ्याच्या बदलीमागे इकडे आले. काम ताईंनीच शिकवलं.

नेलपॉलिश नखावर तडकू नये म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर घालतात, म्हणजे लवचीकपणा आणणारं तेलकट रसायन. स्वस्तातलं ते थॅलेट, आम्ही तेच वापरायचो. शरीराला बरं नाही म्हणून माल घेणाऱ्या नव्या पार्टीला ते नको होतं. लेबलवरच ‘थॅलेट-फ्री’ छापायचं होतं. शेठनी दुसऱ्या रसायनाचे पांढरे ड्रम आणले.

ताईंची एक पद्धत होती. नवा ड्रम उघडला की आधी त्यातली एक छोटी बाटली भरून ठेवायची. झाकणावर नेलपॉलिश ओतायचं आणि ओलं असतानाच अंगठा दाबायचा. अंगठा माझा. “लॅब गरीब हाय आपली, सील घरचंच,” म्हणायच्या.

पार्टीच्या तपासणीत मालात थॅलेट निघालं. त्यांचे साहेब आले. शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“आठवी शिकेल बाई हाय, साहेब. जुन्या ड्रममधलं टाकलं असन हिनं.” मग कागद माझ्याकडे सरकवला. “चुकी झाली म्हून सही कर. उद्यापासून येऊ नको.”

ती सही झाली की एमआयडीसीत कुणी दारात उभं करत नाही. तरी माझा हात पेनाकडे गेला. खरंच चुकले असेन, असं मलाच वाटू लागलं होतं.

“पेन ठेव खाली,” ताई दारातूनच म्हणाल्या. साहेबांपुढे त्यांनी बाटली ठेवली. “पांढऱ्या ड्रमची हाय. सील पाहा, अंगठा हिचा. तुमच्याच लॅबमंदी तपासा.”

“कुंदाबाई, पगार कोणाचा खाता?”

“पगार तुमचाच खातो, शेठ. नखं लोकाईच्या लेकी खातात.”

बाटलीतही थॅलेटच निघालं. शेठनी पांढऱ्या ड्रमात जुनंच भरून आणलं होतं.

पार्टी गेली. आठवड्यात ताईंना काढलं. मला ठेवलं, कारण मिक्सिंग दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. ताई पिशवी घेऊन गेटकडे चालल्या, तेव्हा मी बॅच ढवळत होते. मान वर केली नाही.

माल आता दुसऱ्या नावानं जातो. ड्रम तेच. ‘थॅलेट-फ्री’ जरा मोठं छापलंय. लेबल छापखान्यात तयार होतं, मिक्सिंगमध्ये नाही, एवढं मी शिकले.

ताई देऊळगाव राजाला असतात. कामगार कोर्टात त्यांची केस आहे, साक्षीला कुणी मिळत नाही. मला त्यांनी विचारलंही नाही. नोकरीची भीती आहे, खोटं कशाला बोलू. पण एक दिवस मी जाणार आहे. त्यांनी वाचवलेली सही तिथे करणार आहे.