तळघरातलं हेवी मेटल

मी लिहिलेल्या सगळ्या पत्रकांत जे सर्वांत यशस्वी ठरलं, त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तरी ते खोटं होतं, आणि लिहिताना मला ते कळत होतं. आम्हा चळवळीतल्या लोकांना दुसऱ्यांच्या लबाड्या उघड्या पाडायची इतकी सवय झालेली असते, की स्वतः केलेली लबाडी आम्हाला डावपेच वाटते. मला तसंच वाटलं.

नेदरलंड्समधल्या रायस्वाइकमध्ये आमच्या गल्लीच्या टोकाला वस्तीचं एक केंद्र आहे. जुनी विटांची इमारत. वरच्या खोलीत शनिवारी दुपारी आम्ही मुलांचा मराठी वर्ग घ्यायचो, आणि नेमक्या त्याच वेळी तळघरात साठी ओलांडलेले चार डच पुरुष हेवी मेटल वाजवायचे. त्यांचा ड्रमवाला माझ्याच इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर राहतो. आयुष्यभर विमानतळावर सामान उचललेला माणूस. दोनदा माझ्या सायकलची चेन बसवून दिली होती त्याने.

वर्गात जमीन थरथरायची. मी फळ्यावर 'ळ' काढत असायचे आणि खालून घोडे दौडत गेल्यासारखा ठेका यायचा. मुलांना तो आवडायचा, हे आता कबूल करते. 'क का कि की' ती त्या ठेक्यावर म्हणायची, बाकावर हात आपटत. एरवी डचमध्ये उत्तरं देणारी मुलं त्या पाच मिनिटांत तेवढी मराठी म्हणायची. मी ते बंद पाडलं. आपल्या भाषेला हक्काची शांत जागा नाही, हा माझा मुद्दा होता, आणि मुद्दा हाती लागला की मला दुसरं काही दिसत नाही.

पत्रक लिहायला मी पुण्यात कॉलेजात असताना शिकले. आधी भीती, मग मागणी, मग सहीची जागा. इथेही भाडेकरूंच्या हक्कांसाठी हेच करते. केंद्राच्या समितीसाठी मी डचमध्ये एक सरळ तक्रार लिहिली: आवाजाचा त्रास होतो, शनिवारचा बँड हलवा. आणि आपल्या लोकांच्या ग्रुपवर टाकायला मराठीत दोन ओळी: 'आपली मुलं दर शनिवारी ज्या इमारतीत बसतात तिच्या तळघरात हेवी मेटल आहे. ते हटवण्यासाठी सही करा.'

आधी मी 'हेवी मेटल संगीत' असं लिहिलं होतं. पाठवण्यापूर्वी पुन्हा वाचलं आणि 'संगीत' खोडलं. त्या आठवड्यात ग्रुपवर जुन्या इमारतींमधल्या शिशाच्या नळांची चर्चा चालू होती. निम्मे पालक इंजिनियर. त्यांना हेवी मेटल म्हटलं की गिटार आठवत नाही, शिशासारखा विषारी जड धातू आठवतो. हे मला पुरतं ठाऊक होतं.

अर्ध्या तासात लोक सहीसाठी नावं द्यायला लागले. वर्गातल्या एका मुलीची आई, मी त्यांना वहिनी म्हणते, त्यांनी फोन केला. तेव्हा त्यांना पाचवा महिना होता.

"ताई, पाण्यात आहे का गं ते?"

"तुम्ही सही तर करा. सविस्तर नंतर सांगते."

"नाही, म्हणजे आम्ही मायलेकी तिथल्याच नळावर बाटली भरतो ना, म्हणून विचारलं."

"सांगते म्हटलं ना, वहिनी."

नंतर सांगितलं नाही. दोन दिवसांत सह्यांची चार पानं भरली. डच तक्रारीला जोडून मी त्यांच्या झेरॉक्स समितीला दिल्या, आणि समितीने बँडची खोली काढून घेतली. ग्रुपवर मला फुलं आणि टाळ्या आल्या.

पुढच्या आठवड्यात ड्रमवाल्याने माझी बेल वाजवली. हातात बिस्किटांचा पुडा आणि एक जुनी प्लास्टिकची पिशवी.

"शेजारीणबाई, तू पत्रकं लिहितेस ना? आमच्यासाठी एक लिही. कोणीतरी आम्हाला हाकललंय."

त्याला ग्रुपवरच्या मराठी ओळी माहीत नव्हत्या, आणि डच तक्रारीखाली नावाच्या जागी फक्त 'पालक' एवढंच होतं.

"लिहिते," मी म्हणाले. "आधी मला सगळं सांगा."

त्याने पिशवीतून जुन्या कागदांचा गठ्ठा काढला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो विमानतळाजवळच्या बाडहूव्हडॉर्पमध्ये आईवडिलांकडे राहायचा. इंग्लंडमधले बँड ऐकायला फेरीबोटीने जायचा. स्टेडियममधले नव्हेत, पबच्या मागच्या हॉलमधले. पोलादाच्या आणि जहाजांच्या गावातली पोरं. बापांचे कारखाने बंद पडत होते आणि ही पोरं दोन गिटारींवर एकच चाल थोड्या अंतराने वाजवत होती. कुठली कंपनी विचारत नव्हती, तर स्वतःच तबकड्या काढून टपालाने विकायची. "त्यांचं ऐकून अमेरिकेतल्या मुलांनी वेग वाढवला आणि जगभर गाजली," तो म्हणाला. "मी ऐकलेल्या त्या बँडांतलेही काही मोठे झाले. बाकीचे परत कामाला लागले. मीही लागलो. पण शनिवार सोडला नाही."

मग त्याने मला गठ्ठ्यातली पत्रकं दाखवली. टाइपरायटरवर लिहिलेली, झेरॉक्स केलेली, कोपऱ्यात स्टेपल मारलेली. कुठल्या गावात कोण वाजवतंय, तबकडी हवी तर कुणाला लिहायचं. काही इंग्लंडहून आलेली, काही त्याने आणि त्याच्या मित्रांनी इथे डचमध्ये काढलेली. कामगारांच्या पोरांनी, कुणाची परवानगी न मागता. मी ज्या लोकांची बाजू घेते म्हणून मिरवते, ते हेच लोक. आणि यांना घालवायला मी यांच्याच हत्याराने, पत्रकाने, लबाडी केली होती. तरी मी बिस्किटं खाल्ली आणि त्याच्यासाठी पत्रक लिहिलं. ते चांगलं झालं म्हणून मला आनंदही झाला. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

शनिवारी वहिनी वर्गात आल्या. खोलीत शांतता होती, हवी होती तशी. त्या हळूच म्हणाल्या, "ताई, हाउसआर्ट्स डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट यायचाय. रात्री झोप लागत नाही. बाळाला काही झालं असेल का?"

मी त्यांना तिथेच, मुलांसमोर, खरं काय ते सांगितलं.

त्या म्हणाल्या, "गाणी?"

"हो."

"फोनवर सांगायला तुला काय झालं होतं?"

त्यांनी पर्समधून पेन काढलं. "ती यादी आण. माझी सही मी खोडते. आणि बाकीच्यांकडे तू स्वतः जा. ग्रुपवर टाकून मोकळी होऊ नकोस."

मी दारोदार गेले. काहींनी दार अर्धंच उघडून सही खोडली. एका काकांनी "शिकलेली माणसं ना तुम्ही?" एवढंच विचारलं आणि पेन परत दिलं.

शेवटी खालच्या मजल्यावर. ड्रमवाल्याच्या टेबलावर मी त्याच्यासाठी लिहिलेल्या पत्रकाच्या झेरॉक्स होत्या. मी शेजारी खोडलेल्या सह्यांची पानं ठेवली, मराठी ओळी ठेवल्या, त्यांचा अर्थ सांगितला.

"दोन्ही तूच लिहिलीस?"

"हो."

त्याने दोन्ही कागद उचलून जवळ धरले. "आमच्याविरुद्धचं जास्त चांगलं आहे," तो म्हणाला. तो हसत नव्हता. "आता माझ्यासाठी लिहू नकोस. सोमवारी समितीसमोर ये आणि तोंडाने सांग. डचमध्ये."

निकाल सांगून टाकते. खोली बँडला परत मिळाली. वहिनींचा रिपोर्ट चांगला आला आणि त्यांनी मुलीला वर्गातून काढलं. वर्ग आता रविवारी भरतो, मी शिकवत नाही.

पण तो सोमवार अजून मनातून जात नाही. सभेत हातात कागद नसताना मी डचमध्ये कधीच बोलले नव्हते. मागच्या रांगेत ते चौघे बसले होते, भिंतीशी वहिनी उभ्या होत्या. मी उठून सांगितलं की लोकांना मी फसवलं, जाणूनबुजून फसवलं, आणि क्रियापद चुकलं.

अध्यक्षबाई पुढे वाकल्या. "माफ करा, ऐकू आलं नाही. जरा मोठ्याने?"

मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने.